सात नंबरचा भीमपलास

"बाई, पडदा नको."

भूपालअण्णा मगदूम माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. स्पर्धा दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला होती. मी गॅसकडे तोंड करून पोह्यांना फोडणी देत होते.

"आता कसला नको? मंडळाची बैठक झाली, ठराव झाला, कापडसुद्धा तुमच्याच मागावरचं आलंय," मी म्हटलं.

अण्णा काहीच बोलले नाहीत. मी पोहे परतले, मीठ घातलं, तरी ते गप्पच. शेवटी मी चिडून मागे वळले.

"अहो, मी काहीतरी विचारतेय."

"इकडं बघून विचारा की मग," ते म्हणाले.

ही गोष्ट इचलकरंजीची, त्र्याण्णव सालची. तिथल्या मुलींच्या शाळेत मी संगीत शिकवत होते, आणि आमच्या संगीत मंडळाच्या शास्त्रीय गायन स्पर्धेला मी आणि अण्णा सलग अकरा वर्षं परीक्षक होतो. अण्णांची गावात सोळा मागांची शेड होती. तरुणपणी ते मिरजेत गाणं शिकलेले. नंतर वडील गेले, माग गळ्यात पडले आणि गाणं मागे राहिलं. पण त्यांच्या कानाचा लौकिक पंचक्रोशीत होता. 'अण्णांनी मान हलवली' एवढं म्हटलं की पुढे कुणी वाद घालत नसे. मीही नाही, आणि वाद घालणं हा तर माझा स्वभाव आहे.

आदल्या वर्षी निकालावरून बोंबाबोंब झाली होती. मंडळाच्या खजिनदाराच्या भाचीला पहिलं बक्षीस मिळालं आणि वर्तमानपत्रात पत्रं आली. म्हणून या वर्षीचे नवे सेक्रेटरी, प्राध्यापक नाडगौडा, यांनी टूम काढली: गाणाराही दिसायला नको आणि साथीदारही. स्टेजवर पडदा, स्पर्धकांना फक्त नंबर. तिसरे परीक्षकही तेच होते. "आपल्याला गळा ऐकायचाय, चेहरा नाही," हे त्यांचं बैठकीतलं वाक्य मला फार आवडलं होतं.

"का नको पडदा? तुमचं कुणी बसतंय का स्पर्धेला?" मी अण्णांना समोरून विचारलं. माझं तोंड असंच आहे, फटकळ.

अण्णा स्टुलावर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मला ऐकू येत नाही, बाई."

"काय ऐकू येत नाही?"

"काहीच नाही. उजवा कान सात वर्षांमागं गेला. डावा चार वर्षं झाली. चाळीस वर्षं मागाच्या खडखडाटात काढल्यावर दुसरं काय व्हणार?"

माझ्या हातातला झारा तसाच राहिला. मी म्हटलं, "आत्ता माझ्याशी बोलताय की."

"ओठ बघून. शेडमध्ये कुणाला काय ऐकू येतंय? मागावरचा माणूस लहानपणापास्नं ओठच वाचतो. एका टोकाची बाई दुसऱ्या टोकाच्या बाईला घरचं सगळं सांगती, आवाज न काढता, नुसतं तोंड मोठं करून. तिथं बहिरा आणि चांगला सारखाच. म्हणून घरातसुद्धा कुणाला कळलं नाही."

मला आधी राग आला, आणि तो मी लपवला नाही. "चार वर्षं तुम्ही न ऐकता निकाल दिलेत? लेकरांच्या आयुष्याशी खेळलात?"

"बघून दिले. मानेची शीर बघायची, खांदे बघायचे, श्वास कुठनं घेतोय ते बघायचं. सूर नेमका लागला की तबलजीचा चेहरा निवळतो, तो खोटं बोलत नाही. एक तरी निकाल तुमच्याशी जुळला नाही असं झालंय का?"

झालं नव्हतं. आमच्या गुणांत कधी दोनांच्या वर फरक पडला नव्हता. याचा मला केवढा अभिमान होता! आणि त्या क्षणी पोह्यांची कढई समोर ठेवून मला पहिल्यांदा उमगलं की दरवर्षी गुण लिहिण्याआधी मी अण्णांच्या चेहऱ्याकडे पाहत आले होते. त्यांची मान हलली की माझं पेन हलायचं. ते ज्याला कान म्हणून मिरवत होते ते डोळे होते, आणि मी ज्याला माझा कान समजत होते ते अण्णा होते.

"राजीनामा द्यायचा होता," मी जरा नरमाईने म्हटलं.

"देऊन? लोक काय म्हणतात, अण्णांचा कान. तो काढला तर अण्णा म्हणून मागं काय राहतंय? सोळा माग." ते उठले. "बघतो मी उद्या काय करायचं ते. तुम्ही कुणाला बोलू नका."

ते निघताना मी त्यांना स्पर्धकांची यादी दाखवली. नंबर नाडगौडांकडे सीलबंद पाकिटात होते, नावं सगळ्यांना माहीत होती. बारा जणांत शालन हावळ हे नाव सलग चौथ्या वर्षी होतं. शालन म्हणजे अण्णांच्या शेजारच्या शेडमध्ये कांड्या, म्हणजे मागाला लागणाऱ्या सुताच्या नळ्या, भरणारी मुलगी. दर रविवारी एसटीने जयसिंगपूरला एका म्हाताऱ्या बुवांकडे शिकायला जायची. वय पंचवीस, म्हणजे स्पर्धेचं शेवटचं वर्ष. पहिल्या येणाऱ्याला मंडळाच्या तीन दिवसांच्या महोत्सवात एक बैठक मिळे, आणि तिथे मोठमोठी माणसं ऐकायला येत. एका कांडीवालीला त्यांच्यासमोर बसायला दुसरं दार नव्हतं. पण तिन्ही वर्षं आम्ही तिला शेवटून पहिली-दुसरी ठेवलेलं.

कारण तिचे मुद्रादोष. गाताना तिचं तोंड एका बाजूला ओढलं जाई, जबडा पुढे येई, ओठ असे ताणले जात की पुढच्या रांगेतल्या बायका पदर तोंडाला लावत. गुणपत्रिकेत 'सादरीकरण व मुद्रा' असा दहा गुणांचा रकाना होता. तिथे मी तिला एक दिला होता, अण्णांनी शून्य. बाकीचे रकानेही मग त्याच्याच मागे गेले. तोंड इतकं वाकडं म्हणजे सूर तरी कसा सरळ असणार, असं मला तेव्हा खरंच वाटलं होतं. "पोरी, आरशासमोर बसून रियाज कर," असं अण्णांनी तिला तोंडावर सांगितलं होतं.

"शेवटचं वर्ष तिचं," मी म्हटलं.

"तोंड सुधारलं असंल तर बरं," अण्णा म्हणाले, आणि मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. पडद्यामागे तोंड सुधारलं काय अन् न सुधारलं काय.

दुसऱ्या दिवशी हॉल भरलेला होता. पुढे गावातले डॉक्टर, वकील, कापडाचे व्यापारी. मागे दाराशी दुपारच्या पाळीला जाण्याआधी डोकावलेले मागवाले, काही जणांचे डबेही हातात. स्टेजवर पांढरंशुभ्र पॉपलीन ताणलेलं. आमच्या तीन खुर्च्या स्टेजसमोर मांडल्या होत्या. अण्णा आले, नमस्कार केला, आपली खुर्ची उचलली आणि उलटी फिरवून लोकांकडे तोंड करून बसले.

नाडगौडा गडबडले. "अण्णा, हे काय? स्टेज इकडे आहे."

"स्टेजवर बघायला तुम्ही काय ठेवलंय, सर? कापड माझंच हाय, बघितलंय मी ते. गाणं कुठपर्यंत पोचतंय ते बघतो."

लोक हसले. अण्णांचा विक्षिप्तपणा म्हणून नाडगौडांनीही सोडून दिलं. मी मात्र खाली मान घालून बसले होते. मला भीती वाटत होती आणि कौतुकही वाटत होतं, आणि दोन्ही एकदम कसं वाटतं याचा मला जरा रागही येत होता.

पहिला नंबर झाला. दुसरा झाला. माझी अवस्था वाईट होती. सवयीने मी अण्णांकडे बघायची, पण त्यांचं तोंड उलट दिशेला. समोर पाहावं तर कापड. अकरा वर्षांत प्रथमच मी एकटी ऐकत होते. सांगायला लाज वाटते, पण पहिल्या दोघांना किती गुण द्यायचे तेच मला कळेना. आवाज गोड की माणूस गोड, हे मी आजवर कधी वेगळं केलंच नव्हतं.

तिसरा नंबर जोरात झाला. ताना दाणेदार, तयारी भरपूर, पुढच्या रांगेत माना डोलू लागल्या. गाणं संपल्यावर अण्णा किंचित माझ्याकडे वळून पुटपुटले, "डॉक्टर निंबाळकरांचा पोरगा हाय."

"तुम्हाला कसं कळलं?"

"वकीलबाई शेजारणीला सांगाय लागल्यात. पुढचे सगळे त्याला वळखून डोलतात. मागच्यानी अजून तंबाखूसुद्धा थांबवली नाही."

मी वळून पाहिलं. खरंच, दाराशी एकजण तळहातावर तंबाखू मळत निवांत उभा होता, दुसरा डब्याचं झाकण बघत होता. अण्णा पुढच्या चार रांगा सोडून त्यांच्याकडे बघत बसले होते.

सातवा नंबर दुपारी दोनच्या सुमाराला आला. जेवणं झालेली, हॉलमध्ये सुस्ती. तंबोरे सुरू झाले. मी पेनाचं टोपण चावत होते. आणि मग षड्ज लागला.

तो गळ्यातून आला की तंबोऱ्यातून, हे मला क्षणभर कळलंच नाही. तो वेगळा उभा राहिला नाही. जिथे तंबोरा होता तिथेच तो होता. मग हळूहळू तो मोठा होत गेला आणि लक्षात आलं की कुणीतरी बाई गातेय. भीमपलास. घाई नाही, दाखवणं नाही. निषादावर येऊन ती थांबली. षड्ज एका पावलावर होता, आणि ती जाईना. मी श्वास धरला होता. मला वाटलं आता जाईल, आता जाईल, आणि ती तिथेच त्या निषादाला कुरवाळत राहिली, जणू षड्ज नसला तरी तिचं चालणार होतं. आणि ज्या क्षणी मी आशा सोडली त्या क्षणी ती षड्जावर होती. कधी गेली ते मला कळलं नाही.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी रडणारी बाई नाही. तीस वर्षं शाळेत पेटी बडवलेल्या माणसाला सहसा गाण्याने रडू येत नाही. पण त्या पंधरा मिनिटांत मी परीक्षक नव्हते, टोणपेबाई नव्हते, कुणीच नव्हते. मनात एवढंच होतं की ही कुणी पन्नाशीची, खूप सोसलेली बाई असणार आणि तिला स्पर्धेत बसायला कुणी परवानगी दिली.

गाणं संपलं तेव्हा टाळ्या लगेच आल्या नाहीत. मी अण्णांकडे पाहिलं. ते ताठ बसले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट.

"बाई," ते कुजबुजले, "काय झालं हो आत्ता?"

"का?"

"पंधरा मिनिटं या हॉलमध्ये एक ओठ हलला नाही. वकीलबाईचासुद्धा नाही. आणि ते मागचे बघा."

मागचा मागवाला तळहात तसाच पुढे धरून उभा होता. त्यावरची तंबाखू तो विसरला होता. त्याची पाळी सुरू होऊन गेली असणार.

"चार वर्षांत मला असं कधी दिसलं नाही," अण्णा म्हणाले. "लई मोठं काहीतरी झालं असणार. मला सांगा की, कसं होतं?"

मी नुसती मान हलवली. या वेळी माझी मान आधी हलली होती.

उरलेले पाच जण गाऊन गेले. गुणपत्रिका गोळा झाल्या आणि नाडगौडांनी त्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. तिघांचा पहिला नंबर एकच होता, सात. दुसरा आलेला खूपच मागे होता. मुद्रांचा रकाना या वर्षी त्यांनी लाल पेनने खोडून टाकला होता. नाडगौडा खूश झाले. "पाहिलंत? पडद्याचा गुण!" म्हणत त्यांनी खिशातून पाकीट काढलं, सर्वांसमोर फोडलं, यादी उघडली आणि वाचलं.

"सात. शालन रामचंद्र हावळ."

अण्णा त्यांच्या तोंडाकडे बघत होते. "परत म्हणा," ते म्हणाले.

"शालन हावळ. कांड्या भरते ती."

"वळखतो मी," अण्णा म्हणाले. तीन वर्षं. हाच गळा तीन वर्षं आमच्यापासून दहा फुटांवर गात होता आणि मी त्याला ऐकलंच नव्हतं. अण्णांना निदान सबब होती. माझे कान ठणठणीत होते.

पडदा काढला. शालन तबल्याशेजारी उभी होती, हिरवी सुती साडी, हातात रुमाल. कुणीतरी निकाल सांगितला, टाळ्या झाल्या. आणि अण्णा स्टेजवर चढले. मला वाटलं बक्षीस द्यायला. त्यांनी माइक हातात घेतला.

"मंडळी, मला चार वर्षं काही ऐकू येत नाही," ते म्हणाले.

हॉलमध्ये काहीजण हसले, अण्णांचा विनोद समजून.

"हसू नका. खरं सांगतो. मी डोळ्यांनी निकाल देत होतो. पुष्कळ बरोबर आले, पण या पोरीला मी तीन वर्षं तोंड बघून खाली बसवलं. आज तोंड दिसलं नाही म्हणून ती वर आली. उद्यापास्नं मी परीक्षक नाही. आणि तिच्याकडं मी सगळ्यांच्या देखत माफी मागतो."

त्यांनी माइक खाली ठेवला आणि चक्क हात जोडले. मी स्टेजच्या कडेला उभी होते. माझाही एक रकाना होता त्या पापात, पण मला अण्णांसारखं धाडस झालं नाही, हेही इथे लिहून ठेवते.

शालनने घाईने त्यांचे हात धरून खाली केले.

"असं नका करू, अण्णा. मला म्हाईत हुतं."

"काय म्हाईत होतं?"

"तुमास्नी ऐकू येत न्हाई ते. पलीकडच्या शेडात असते की मी. भोंगा झाला तर समद्यांची मान वर हुती, तुमची न्हवती हुत. मागावरच्या माणसाला ते कळतंय."

"चार वर्षं म्हाईत होतं? मग बोलली का नाहीस? मी तुला शून्य देत होतो, आणि तू गप बसलीस?"

"बोलून काय करू? तुमी उठून गेला असता." तिने रुमालाची घडी घातली, परत उलगडली. "तुमच्यावानी मन लावून बगणारं दुसरं कोण न्हवतं तिथं. बाकीची घड्याळ बगायची. मला वाटायचं, ह्यास्नी ऐकू येत न्हाई, तर दिसाय तरी पायजे. म्हणून मग तुमच्याकडं बगून तोंड मोठं करून गायची. आपण शेडात लांबच्या बाईला सांगतो की न्हाई, तसं."

अण्णा तिच्या ओठांकडे एकटक पाहत होते.

"तुमी म्हणाला आरशासमोर बस," ती पुढे म्हणाली, "मला वाटलं, अजून ह्यास्नी नीट वाचता येईना झालंय. म्हणून आरशात बगून बगून आणखीनच मोठं केलं. आज पडदा हुता. म्हटलं आज काय दिसणार न्हाई, तर आज नुसतं गावं."

ज्या तोंडासाठी आम्ही तिला तीन वर्षं नापास केलं ते तिने एका बहिऱ्या माणसासाठी उघडलं होतं. आख्ख्या हॉलमध्ये त्या एकालाच आपलं गाणं मिळणार नाही म्हणून. गाण्याबद्दल मी आयुष्यात खूप मोठी मोठी वाक्यं ऐकली आहेत, शाळेत फळ्यावर लिहिलीही आहेत. त्यातलं एकही मला त्या वेळी आठवलं नाही.

नाडगौडा पुढे आले. पहिल्या आलेल्याने लोकांसमोर पाच मिनिटं गायची प्रथा होती. शालन बसली; पेटीवाले निघून गेले होते, म्हणून पेटीला मी बसले. अण्णा खाली जायला निघाले, तर तिने त्यांना थांबवलं.

"आता कसं गाऊ, अण्णा?"

अण्णा परत आले आणि स्टेजवरच, तिच्या अगदी समोर, लोकांकडे पाठ करून मांडी घालून बसले.

"मी राहिलोय ऐकायचा," ते म्हणाले.

तिने भीमपलासच घेतला. तिचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं, जबडा पुढे आला, ओठ ताणले गेले. पुढच्या रांगेत वकीलबाईंनी पदर तोंडाला लावला. आणि खरं सांगते, मला सगळं ठाऊक असूनही, दोन तासांपूर्वी याच गळ्याने रडवलेलं असूनही, ते तोंड पाहताच माझ्या कानाला सूर क्षणभर खाली वाटला. मी डोळे मिटले. सूर जागच्या जागी होता.

अण्णांनी डोळे मिटले नाहीत. त्यांची नजर तिच्या तोंडावरून हलत नव्हती. ती निषादावर गेली, थांबली, थांबूनच राहिली, आणि अण्णा हळूहळू तिच्याकडे झुकत गेले. तबलजी ठेका धरून वाट बघत होता. मग ती षड्जावर आली, आणि बहिऱ्या माणसाचं ते भान नसलेलं, सगळा हॉल दणाणून सोडणारं "आहा!" आलं.

अगदी समेवर आलं होतं. तबलजीने दचकून माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार त्याला, मी पेटीवर डोकं टेकून रडत होते.